काटापावतीचा प्रोग्रॅम, वेगवेगळी जावा: प्रकल्प नोंदी, पावसाळा २०२५

काम कुठलं: यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमधल्या संकलन केंद्रांवर कापूस-सोयाबीनचं वजन घेऊन कास्तकाराला पावती देणारा प्रोग्रॅम. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत, तिच्या ८ व्या आवृत्तीच्या काळात लिहिलेला, खिडक्या स्विंगच्या (पडद्यावरच्या खिडक्या-बटणं बनवणारी जावाची लायब्ररी). एका केंद्रावर ३२ बिटचं विंडोज आणि ओरॅकलचं जावा ८, दुसरीकडे ६४ बिटचं विंडोज आणि कोरेटो ८ (ॲमेझॉनची जावा बांधणी), हिशेबाच्या लिनक्स बॉक्सवर ओपनजेडीके ११ (मुक्त सोर्सचं जावा). जार (तयार प्रोग्रॅमची एकत्र बांधलेली फाइल) बांधला जातो तो लॅपटॉपवर, तिथे एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनाचा स्वतःचा कंपायलर (सोर्सवरून क्लास फाइल बनवणारा). कापूस यायच्या आत सगळीकडे एकच जार आणि एकाच जातीचं जावा १७ बसवायचं आहे.

कमांड आणि क्लासची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं.

७ जुलै

आधी जारमध्ये काय काय आहे ते पाहिलं. प्रत्येक क्लास फाइलचे पहिले चार बाइट ठरलेले असतात, त्यानंतर आवृत्तीचा आकडा येतो. ‘जावापी -व्ही’ चालवलं की ‘मेजर व्हर्जन’ या ओळीत तो दिसतो. हिशेब सोपा आहे, जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवायचे: ८ म्हणजे ५२, ११ म्हणजे ५५, १७ म्हणजे ६१, २१ म्हणजे ६५. रनटाइम (प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारं जावा) आपल्यापेक्षा जुना आकडा बिनबोभाट चालवतो, नवा दिसला की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ देऊन थांबतो. हा नियम जावा पुरवणाऱ्या सगळ्या विक्रेत्यांना सारखाच लागू.

आपले सगळे क्लास ५२ चे निघाले. पण बारकोडसाठी मागाहून टाकलेला एक जोडजार ५५ चा आहे. लिनक्स बॉक्सवर तो चालतो, केंद्रांवरच्या जावा ८ वर मात्र बारकोडचं बटण दाबल्याशिवाय अडचण कळतच नाही, कारण क्लास लागेल तेव्हाच लोड होतो. त्याच लायब्ररीची ८ साठीची जुनी आवृत्ती घेतली. यापुढे बिल्डच्या शेवटी प्रत्येक जार उघडून सर्वांत मोठा आकडा छापायचा आणि ५२ च्या वर काही दिसलं तर बिल्ड पाडायचा.

कोरेटो, झुलू, टेमुरिन, लिबेरिका हे सगळे ओपनजेडीकेच्याच सोर्सवरून बांधलेले. त्यांच्यात भाषेचा किंवा बाइटकोडचा (क्लास फाइलमधल्या सूचनांचा) फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. जावाच्या स्पेसिफिकेशनने (लेखी नियमावलीने) जे ठरवून दिलंय ते सगळीकडे सारखं चालतं. जे मोकळं सोडलंय किंवा मशीनच्या सेटिंगवर टाकलंय, तिथे गाडी अडते. पुढचं सगळं काम त्याच जागा शोधून आपल्या हाताने ठरवून टाकण्याचं आहे.

९ जुलै

लॅपटॉपवर जेडीके १७ मधल्या (जेडीके म्हणजे जावाचा विकास-संच) जावासी या कंपायलरने जार बांधला. सुरुवातीला जुन्या स्क्रिप्टमधलेच ‘-सोर्स ८ -टार्गेट ८’ ठेवले. जार बांधला गेला, आकडाही ५२ आला, आणि जावा ८ वर काट्याचं वाचन सुरू होताच ‘नो सच मेथड एरर’: बाइटबफर (आलेले बाइट धरून ठेवणारा क्लास) याची फ्लिप मेथड सापडत नाही म्हणून.

कारण असं. जावा ८ मध्ये फ्लिप ही मेथड वरच्या बफर क्लासवर आहे आणि ती बफरच परत देते. जावा ९ पासून बाइटबफरने ती स्वतःकडे नव्याने लिहिली, आता ती बाइटबफर परत देते. सोर्समध्ये काहीच दिसत नाही, पण क्लास फाइलमध्ये मेथडच्या नावाबरोबर परतीचा प्रकारही कोरला जातो. सोर्स-टार्गेटने भाषा आणि फाइलची आवृत्ती तेवढी ठरते. कंपायलर लायब्ररी वाचतो ती १७ चीच.

उपाय जावा ९ पासूनच उपलब्ध आहे: ‘--रिलीज ८’. यात जावासी आपल्याबरोबर ठेवलेली जावा ८ ची सार्वजनिक एपीआय यादी (प्रोग्रॅमला वापरता येणाऱ्या क्लास-मेथडची) वापरतो, आणि ८ मध्ये नसलेली मेथड वापरली तर कंपाइलच होऊ देत नाही. एक्लिप्समध्ये प्रोजेक्टच्या कंपायलर सेटिंगमध्ये रिलीजची चौकट आहे, ती टिक करायची. जेडीके २१ पासून ‘--रिलीज ८’ वर कालबाह्य असल्याचा इशारा येतो, १७ वर येत नाही; बिल्ड १७ वरच ठेवण्याचं हेही एक कारण.

१४ जुलै

सगळ्यात महत्त्वाची नोंद. मागच्या हंगामाच्या पावत्या सीरियलाइझ केलेल्या (मेमरीतून जशाच्या तशा बाइटमध्ये उतरवलेल्या) ऑब्जेक्टच्या रूपात फाइलमध्ये आहेत. नवा जार ती फाइल उघडत नाही. ‘इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शन’, ‘लोकल क्लास इनकम्पॅटिबल’, आणि पुढे दोन लांबलचक आकडे: एक फाइलमधला, एक आताच्या क्लासचा. पावती क्लासमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. बदलला तो फक्त कंपायलर, एक्लिप्सच्या जागी जावासी.

क्लासमध्ये ‘सीरियल व्हर्जन यूआयडी’ (क्लासची ओळख पटवणारा आकडा) लिहिलेला नसेल तर रनटाइम तो स्वतः काढतो. त्यासाठी क्लासचं नाव, इंटरफेस, फील्ड, कन्स्ट्रक्टर आणि खाजगी नसलेल्या मेथड एका ठरलेल्या क्रमाने घेऊन त्यावर एसएचए-१ (मजकुरावरून ठरावीक आकडा काढणारी रीत) चालवतो. ही रीत स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली आहे, त्यामुळे एकाच क्लास फाइलचा आकडा कुठल्याही विक्रेत्याच्या रनटाइमवर तोच येतो. जुना जार ओरॅकल, कोरेटो, टेमुरिन तिन्हींवर चालवून पाहिला, जुनी फाइल तिन्हींवर उघडते.

अडचण क्लास फाइल घडताना होते. पावतीच्या आत ‘ओळ’ नावाचा आतला क्लास आहे आणि तो बाहेरच्याची खाजगी फील्ड वाचतो. जावा ८ च्या क्लास फाइलमध्ये तशी थेट वाट नाही, म्हणून कंपायलर गुपचूप एक चोरदरवाज्याची मेथड घालतो. तिचं नाव जावासी ‘ॲक्सेस$०००’ ठेवतो, एक्लिप्स ‘ॲक्सेस$०’. ही मेथड खाजगी नसते, म्हणून ती हिशेबात येते आणि आकडा बदलतो. एनमवरच्या (ठरावीक नावांच्या यादीवरच्या) स्विचचंही तसंच: एक्लिप्स त्याच क्लासमध्ये ‘स्विच टेबल’ची जास्तीची मेथड घालतो, जावासी त्यासाठी वेगळा छोटा क्लास बनवतो. भाषेच्या नियमांनुसार दोन्ही कंपायलर बरोबर आहेत. सीरियलायझेशनच्या कागदपत्रांत हे आधीच बजावलेलं आहे की आकडा स्वतः लिहा, कंपायलरवर सोडू नका.

दुरुस्ती या क्रमाने:

१. जुना जार, जो प्रत्यक्ष केंद्रावर चालत होता तोच, बाजूला काढला. त्याची प्रत पेन ड्राइव्हवरही.

२. त्या जारवर ‘सीरियलव्हर’ चालवला, पुढे क्लासचं पूर्ण नाव. तो सोर्समध्ये चिकटवायची तयार ओळच छापतो. आतल्या क्लासच्या नावात डॉलरचं चिन्ह असतं. लिनक्सच्या टर्मिनलवर नाव एकेरी अवतरणात घातलं नाही तर शेल डॉलरपुढचा भाग व्हेरिएबल समजून खाऊन टाकतो आणि क्लास सापडत नाही.

३. ती ओळ पावती, ओळ, गाडी, कास्तकार या क्लासमध्ये घातली. लेखी आकडा असला की नव्या आणि जुन्या फील्डची जुळणी नाव आणि प्रकार बघून होते.

४. नंतर पुन्हा जावासीने बांधून, मग एक्लिप्सनेही बांधून, जुनी फाइल दोन्हींवर उघडून पाहिली. उघडते.

१५ जुलै

पावत्या यापुढे ऑब्जेक्टच्या फाइलमध्ये ठेवायच्याच नाहीत असं ठरवलं. जुन्या फाइल एकदा वाचून साध्या मजकूर फाइलमध्ये उतरवून घेतल्या. दहा वर्षांनी कोणी उघडली तरी नुसत्या एडिटरमध्ये वाचता यावी, कास्तकाराच्या पैशाची नोंद आहे ती.

२२ जुलै

‘जेडेप्स’ (जार जावाच्या कुठल्या भागांवर टेकलाय ते सांगणारं साधन) चालवलं. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली: सन डॉट मिस्कमधला बेस६४ एन्कोडर (बाइट साध्या अक्षरांत लिहिणारा). तो जावा ९ मध्ये काढून टाकला. जागा घेतली जावा युटिलच्या बेस६४ ने, तो ८ पासून आहेच. पण आंधळेपणाने अदलाबदल केली तर फसायला होतं. जुना एन्कोडर ७६ अक्षरांनंतर ओळ तोडायचा, नवा साधा एन्कोडर तोडत नाही. आणि नव्या साध्या डीकोडरला मध्ये नवी ओळ दिसली की तो ‘इलीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन’ फेकतो. जुना साठा वाचायला ‘गेट माइम डीकोडर’ घ्यायचा, नवं लिहायला साधा.

दुसरी: जॅक्सबी. हिशेबाची एक्सएमएल फाइल त्याने बनते. इथे ‘--रिलीज ८’ उपयोगी पडत नाही, उलट फसवतो: ८ मध्ये जॅक्सबी जेडीकेतच होतं, म्हणून कंपाइल छान होतं. ११ मध्ये ते जेडीकेतून काढलं, म्हणून १७ वर चालवताना ‘नो क्लास डेफ फाउंड एरर’. म्हणजे रिलीजचा पर्याय ‘८ मध्ये नव्हतं ते वापरू नका’ एवढंच सांभाळतो, ‘पुढे काढलं ते वापरू नका’ हे त्याच्या कक्षेत नाही. जॅक्सबीचे वेगळे जार सोबत टाकले.

२९ जुलै

१७ वर काट्याची नोंद होते, फाइलमध्ये जाते, पण परत वाचताना ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’. फाइल उघडली. कालच्या ओळीत वजन इंग्रजी अंकांत, आजच्या ओळीत ‘२५.५०’, देवनागरीत.

त्या केंद्रावरच्या दिवाणजींनी विंडोजचं रीजन ‘मराठी, भारत’ ठेवलेलं आहे, आणि ते रास्तच आहे. जावा ८ स्वतःच्या जुन्या लोकेल माहितीवर (भाषा-प्रदेशानुसार अंक-तारखा कशा लिहायच्या त्या माहितीवर) चालायचं. तीत मराठी नव्हतं, म्हणून सगळं इंग्रजी अंकांत यायचं. जावा ९ पासून डिफॉल्ट माहिती युनिकोडच्या सीएलडीआर या लोकेल संग्रहाची, आणि तीत मराठीचे डिफॉल्ट अंक देवनागरी. म्हणून ‘स्ट्रिंग फॉरमॅट’ने बनवलेला प्रत्येक आकडा ८ वर एका लिपीत, १७ वर दुसऱ्या लिपीत. स्ट्रिंगला अधिक चिन्हाने आकडा जोडला तर मात्र तो दोन्हीकडे इंग्रजीच येतो, त्यामुळे एकाच ओळीत दोन लिप्या.

वाचताना अजून गंमत नाही तर गुंता आहे: ‘इंटिजर पार्सइंट’ देवनागरी अंक निमूटपणे घेतो, ‘डबल पार्सडबल’ घेत नाही. म्हणून पावती क्रमांक वाचला गेला आणि वजनाच्या रकान्यावर प्रोग्रॅम पडला. तारखेतही दोन तऱ्हा: ‘सिंपल डेट फॉरमॅट’ १७ वर देवनागरी अंक देतो, ‘डेट टाइम फॉरमॅटर’ वेगळं सांगितल्याशिवाय इंग्रजीच.

‘जावा डॉट लोकेल डॉट प्रोव्हायडर्स’ला ‘कम्पॅट’ दिलं की १७ वर जुनी वागणूक परत येते. आम्ही तो मार्ग घेतला नाही. जेडीके २३ मध्ये ती जुनी माहितीच काढून टाकली आहे.

ठरवलं ते असं. यंत्राने वाचायचा मजकूर, म्हणजे फाइल, नेटवर्क, बारकोड: प्रत्येक फॉरमॅटला ‘लोकेल रूट’ उघडपणे द्यायचा. माणसाने वाचायचा मजकूर, म्हणजे पावती: देवनागरी अंक हवेतच, पण ते मशीनच्या सेटिंगमधून आलेले नकोत. ‘डेसिमल फॉरमॅट सिम्बॉल्स’मध्ये शून्याचं चिन्ह ‘०’ आपण लावून दिलं की ८ आणि १७ दोन्हीवर तीच पावती निघते.

लाखाचा स्वल्पविराम जावाच्या ‘डेसिमल फॉरमॅट’ला कुठल्याच आवृत्तीत जमत नाही, तो शेवटच्या गटाची लांबी तेवढी बघतो. भरलेली गाडी ४,८६० किलो, रिकामी २,३१०, निव्वळ २,५५०, म्हणजे २५.५० क्विंटल. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये धरला तर रक्कम २,०६,८०५. जावा छापतं २०६,८०५. आयसीयू४जे लायब्ररीला ते येतं, पण एवढ्यासाठी तिचा मोठा जार वाहून नेण्यापेक्षा छोटं फंक्शन लिहिलं: उजवीकडून तीन अंक तोडा, मग दोन-दोन. वजन आणि रक्कम दोन्ही ‘बिग डेसिमल’मध्ये, आणि तो स्ट्रिंगवरून बनवायचा, डबलवरून नाही.

३० जुलै

अंकांच्या मागोमाग अक्षरं. ‘फाइल रायटर’ला कॅरेक्टर सेट सांगितला नाही तर जावा १७ पर्यंत तो मशीनचा घेतो: इंग्रजी विंडोजवर १२५२ (रोमन लिपीपुरता संच), लिनक्सवर बहुधा यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांचा). जावा १८ पासून डिफॉल्ट सगळीकडे यूटीएफ-८. १२५२ मध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून लिहितानाच प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. ती नावं कुठल्याही युक्तीने परत येत नाहीत; कागदी पावतीबुकावरून पुन्हा टाकावी लागतात. दिवाणजींकडे जुनी बुकं नीट बांधून ठेवलेली आहेत हे मोठं काम झालं.

सगळे ‘फाइल रीडर’ आणि ‘फाइल रायटर’ काढून त्यांच्या जागी ‘इनपुट स्ट्रीम रीडर’ आणि ‘आउटपुट स्ट्रीम रायटर’, सोबत यूटीएफ-८ लिहून. कंपायलरलाही ‘-एन्कोडिंग यूटीएफ-८’ हवंच, कारण बटणांवरची मराठी सोर्समध्येच आहे. एक्लिप्स ते वर्कस्पेसच्या सेटिंगवरून घेतो, विंडोजवरचा जावासी १७ मशीनवरून.

६ ऑगस्ट

काट्याच्या इंडिकेटरची सीरियल वायर. जुनी लायब्ररी ३२ बिटच्या डीएलएलवर (विंडोजच्या यंत्रभाषेतल्या लायब्ररी फाइलवर) टेकलेली. जावाचा जार कुठेही चालतो, पण डीएलएलचे बिट रनटाइमच्या बिटशी जुळावे लागतात. विंडोज ६४ बिटचं असलं तरी जावा ३२ चं असेल तर डीएलएल ३२ चीच. नाही जुळली की ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’, आणि संदेशात दोन्ही बिट स्पष्ट लिहिलेले असतात. तिच्या जागी जेसीरियलकॉम ही लायब्ररी घेतली. तिच्या जारमध्ये सगळ्या प्लॅटफॉर्मचे तुकडे असतात, चालू होताना हवा तो तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतो. लिनक्सवर वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात हवा, नाहीतर पोर्ट दिसतो पण उघडत नाही.

आपल्या इंडिकेटरची सेटिंग: २४०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. आलेले बाइट आस्की म्हणूनच वाचायचे, डिफॉल्टवर सोडायचे नाहीत. लाइन गेली आणि मध्येच आली की फ्रेम (एका वजनाच्या बाइटचा गट) अर्धवट येते. सुरुवातीचा आणि शेवटचा बाइट दोन्ही मिळाल्याशिवाय वजन धरायचं नाही.

३२ बिटच्या विंडोजसाठी जावा १७ मिळतं. जेडीके २४ मध्ये मात्र त्या प्लॅटफॉर्मचा सोर्सच काढला आहे. त्या केंद्राचा संगणक बदलेपर्यंत १७ हाच मुक्काम.

१२ ऑगस्ट

पावतीच्या छपाईत ‘निव्वळ’ आणि ‘हिंगणघाट’ ८ वर एका रुंदीचे, १७ वर दुसऱ्या. ८ मध्ये अक्षरजुळणी आयसीयूच्या इंजिनाची, ९ पासून हार्फबझची. त्यात ओरॅकलच्या जावा ८ बरोबर ल्युसिडा फॉन्ट यायचे, ओपनजेडीकेच्या बांधणीत ते कधीच नव्हते. फॉन्टचं नाव नुसतं ‘डायलॉग’ दिलं की प्रत्येक मशीन आपल्याकडचं काहीतरी उचलतं.

नोटो सॅन्स देवनागरी जारमध्येच टाकला आणि ‘फॉन्ट क्रिएटफॉन्ट’ने तिथूनच उचलला. रकाना अक्षरं मोजून आखायचा नाही. ‘टेक्स्ट लेआउट’ला रुंदी विचारायची, कारण ‘व्व’ला कॅरेक्टर तीन लागतात आणि कागदावर जोडाक्षर एकच उमटतं. लिनक्स बॉक्सवर जावाचं हेडलेस (पडद्यासाठीचे भाग नसलेलं) पॅकेज होतं, पीडीएफचं चित्र बनेना. पूर्ण जेआरई (जावा चालवण्याचा संच) आणि फॉन्टकॉन्फिग टाकल्यावर निघालं.

१९ ऑगस्ट

पोळ्याच्या आधी चालू करण्याच्या स्क्रिप्ट साफ केल्या. जुन्या ओळीत पर्मजेनची (जुन्या जावातला मेमरीचा एक भाग) मर्यादा आणि सीएमएस कचरावेचक (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) होते. पर्मजेन ८ मध्येच गेला, तिथे नुसता इशारा येतो. १७ वर हे दोन्ही पर्याय अनोळखी ठरतात आणि व्हीएम (जावा चालवणारं आभासी यंत्र) सुरूच होत नाही. ‘-एक्सएमएक्स २५६एम’ तेवढा ठेवला.

लिनक्स बॉक्सला रॅम २ जीबी, म्हणून सेमेरू १७ (आयबीएमची जावा बांधणी) लावून पाहिलं. त्यात लायब्ररी ओपनजेडीकेची, व्हीएम मात्र ओपनजे९. जार तोच, निकाल तेच. फरक एक लक्षात ठेवण्यासारखा: हॉटस्पॉट (ओपनजेडीकेचं नेहमीचं व्हीएम) अनोळखी डबल-एक्स पर्यायावर अडतो, ओपनजे९ ते मुळातच दुर्लक्षित करतं. म्हणजे चुकीचा पर्याय तिथे महिनोन्‌महिने दडून राहू शकतो. कचरावेचकाचे पर्याय त्याचे वेगळे असतात.

अहवालाचे रकाने रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅममध्येच क्लासची फील्ड शोधून), फील्डच्या क्रमाने छापले जात होते. तो क्रम कायम राहील अशी हमी कुठेच नाही. प्रत्येक फील्डवर क्रमांकाचं अ‍ॅनोटेशन लावलं. चालवायला सगळीकडे टेमुरिन १७. सेमेरू मात्र चाचणीसाठी ठेवायचं. आपला कोड मुकाट्याने कशावर विसंबलाय ते दुसऱ्या व्हीएमवर लवकर उघडं पडतं.

२६ ऑगस्ट

बसवणी. जेआरईचं फोल्डर प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवलं, आणि बॅच फाइलमध्ये त्याचा पूर्ण पत्ता. नुसतं ‘जावा’ लिहिलं तर पाथमध्ये आधी जे सापडेल ते चालतं, आणि ओरॅकलचा इन्स्टॉलर आपलं ‘जावापाथ’ फोल्डर तिथे टाकून ठेवतो. गावात नेटवर एवढी फाइल उतरवणं भरवशाचं नाही, म्हणून पेन ड्राइव्ह. केंद्रावर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ला शेवटी एसएचए२५६ देऊन निघालेला आकडा मूळ फाइलच्या आकड्याशी जुळवायचा, मगच उघडायची.

प्रत्येक केंद्रावर चालू करून बघायचं ते: ‘-एक्सशोसेटिंग्ज’ने विक्रेता, आवृत्ती, लोकेल, जुनी पावती उघडणं, रीजन मराठी आणि इंग्रजी, दोन्ही ठेवून एकेक वजन, कास्तकाराचं आणि गावाचं नाव लिहून परत वाचणं, छापील पावती जुनीवर ठेवून रकाने पाहणं.

जार अजून ‘--रिलीज ८’चाच आहे. शेवटचं केंद्र १७ वर आलं की ‘--रिलीज १७’ करता येईल. ११ पासूनच्या क्लास फाइलमध्ये आतल्या क्लासला बाहेरच्याचं खाजगी थेट वाचता येतं, म्हणजे त्या ॲक्सेस मेथड नाहीशा होतील आणि आपोआप निघणारा आकडा पुन्हा बदलेल. आपला आकडा आता लेखी आहे. तरी त्या दिवशी मागच्या हंगामाची फाइल आधी उघडून पाहायची.